चष्मा घरी राहिला

माझ्या वडिलांना चष्मा नव्हताच. तरी बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत, जिथे कुणी कागद पुढे करील तिथे ते सदऱ्याचा खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा जरा." पाचवीत असताना मी तो घरी राहिलेला चष्मा शोधला. फडताळात, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे. सापडला नाही. आईला विचारलं. ती रागावली नाही, काही बोललीही नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. त्या दिवसापासून बाबांनी खिसा चाचपला की मी पुढे होऊन कागद हातात घेऊ लागले.

बाबा फिटर होते. चालू यंत्राला नुसता कान देऊन कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. वाचता त्यांना येत होतं, पण एकेक अक्षर लावत, आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हातून सुटलेली असायची. नववीत दोनदा नापास झाले आणि शाळा सुटली. "डोक्यात शिरत नव्हतं," एवढंच त्याबद्दल बोलायचे. पुढे मी विशेष शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि पहिल्याच वर्षी एका पुस्तकात मला माझे वडील भेटले. 1896 साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 14 वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय. मुलगा चुणचुणीत, खेळात तरबेज, पण वाचन काही केल्या जमेना. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. मला ते बाबांना वाचून दाखवायचं होतं. पण ते त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते.

म्हणून आज तुमच्याशी बोलायचंय. मुलांच्या अध्ययन अक्षमतेबद्दल हल्ली पुष्कळ बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. मला बोलायचंय ते तुमच्याबद्दल, ज्यांना स्वतःलाच वाचताना, लिहिताना, हिशेब करताना ही अडचण लहानपणापासून आहे आणि ज्यांच्या पदरात आज शाळेत जाणारं मूल आहे. कदाचित हे तुम्ही स्वतः वाचत नसाल, घरातलं कुणी वाचून दाखवत असेल, किंवा फोन. तसंच ऐका. यात कमीपणा काहीच नाही.

माझ्याकडे मुलाची तपासणी होते, मग मी आईवडिलांना समोर बसवून अहवाल समजावून सांगते. बहुतेक वेळा आई प्रश्न विचारत असते आणि वडील गप्प असतात, किंवा उलट. जो गप्प असतो त्याच्याकडे मी आता लक्ष ठेवायला शिकलेय. निघताना दाराशी थांबून तोच हळूच म्हणतो, "मॅडम, हे जे तुम्ही सांगितलं ना, ते सगळं माझंच आहे." पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला आपल्या शाळेतल्या दहा वर्षांचा अर्थ असा दारात उभ्याउभ्या लागतो. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. काहींना राग येतो, आणि तो रास्त असतो.

मग लगेच दुसरा विचार येतो: माझ्यामुळे माझ्या मुलाला हे झालं. खरं ते सांगते. वाचनाची ही अडचण घराण्यातून येते. आईला किंवा वडिलांना ती असेल, तर अशा घरांतल्या साधारण तीनातल्या एका मुलाला, काही अभ्यासांत तर जवळजवळ निम्म्या मुलांना ती आढळते. म्हणजे निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांना ती येत नाहीही. पण यात अपराध कसला? तुमच्याकडून त्याला उंची आली, आवाज आला, तसं हेही आलं. उलट ज्या आईला हे स्वतःबद्दल माहीत आहे ती मूल बालवाडीत असतानाच सावध होऊ शकते. बडबडगीतात यमक पकडता येत नाही, 'कमळ' शब्दाचा पहिला आवाज कोणता ते सांगता येत नाही, अक्षरं आज येतात नि उद्या जातात, हे तिच्या चटकन ध्यानात येतं. दुसरीतिसरीपर्यंत वाट पाहायची गरज तिला उरत नाही.

तुम्हाला हे कुणी सांगितलं का नाही, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती द्यायला सुरुवात केली 1996 च्या सुमारास. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. पण ती सुरुवात होती मुंबईतल्या काही शाळांपुरती, सायनच्या रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी तपासणी होण्यापुरती. तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत तेव्हा 'डिस्लेक्सिया' हा शब्द ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात तर अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांची यादी केली, त्यात ती प्रथम आली. मराठीतून तपासता येईल अशी चाचणीही सोबतीला आली ती 2015 मध्ये, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राकडून, आणि ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. तुम्ही शाळेत होतात तेव्हा यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. 'ढ' आणि 'आळशी' हे दोनच शब्द होते, आणि ते तुम्हाला मिळाले.

आपल्या लिपीमुळेही ही अडचण झाकली जाते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, त्यामुळे तिथे चुका ढीगभर होतात आणि लवकर दिसतात. मराठी बऱ्याच अंशी जशी बोलतो तशी लिहितो. म्हणून तुमच्यासारखा माणूस मराठी चुकीचं वाचत नाही, हळू वाचतो. तोंडाने 'वाचता येतं' हे खरं असतं आणि अर्ज भरताना घाम फुटतो हेही खरं असतं. शिवाय लिपीचे आपले आपले पेच आहेतच. 'कि' बोलताना आधी क येतो, पण डोळ्यांना आधी वेलांटी दिसते. एकटा र घ्या. 'सूर्य'मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मध्ये पायाशी तिरका होतो, 'राष्ट्र'मध्ये त्याचं तिसरंच रूप, आणि 'वाऱ्यावर'मध्ये चौथं. घ-ध, भ-म, ष-प यांच्यातला फरक तर एका गाठीचा किंवा एका रेघेचा. ज्याच्या मेंदूला आवाज आणि आकार यांची गाठ मारायलाच जास्त वेळ लागतो, त्याला ही प्रत्येक वळणावर नवी गाठ. यात डोळ्यांचा दोष नाही आणि बुद्धीचाही नाही.

आकड्यांचं तर बोलूच नका. आपण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. 'एकोणसाठ' ऐकलं की साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी मांडणी आणली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, भाषा बुडाली इथपर्यंत बोललं गेलं. भाषेचं प्रेम मलाही आहे. पण त्या वादात एकही आवाज असा ऐकू आला नाही, की फोनवर कुणी 'त्रेसष्ट' म्हटलं आणि मी छत्तीस लिहून घेतलं, म्हणून माझं आयुष्यभर किती नुकसान झालं. तो आवाज तुमचा होता. तुम्ही गप्प राहिलात, कारण गप्प राहण्याची सवय लागलेली.

ती सवयच मला आज मोडायची आहे. तुमच्या युक्त्या मला पाठ आहेत, मी त्या घरात वाढलेय. शाळेची नोटीस आली की "यांना दाखवते". पालकसभेला सुट्टी मिळत नाही. अर्ज घरी घेऊन जायचा, "नीट भरून आणतो". शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतर पालकांनी काय उत्तर दिलं ते पाहून अंगठा दाखवायचा. हॉटेलात शेजारच्याने मागवलं तेच मागवायचं. यात केवढी हुशारी खर्च होते! पण मूल घरात आल्यावर या लपवण्याची किंमत बदलते. तापाच्या औषधाच्या बाटलीवर 2.5 लिहिलेलं असतं आणि मधला ठिपका नजरेतून सुटला तर ते 25 होतं. लसीची तारीख निघून जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस टळतो. आणि शिक्षिका मनात नोंद करते, की या मुलाच्या घरी अभ्यासाकडे कुणाचं लक्ष नाही. ते नोंदलेलं मुलाला वर्षभर भोगावं लागतं.

औषधाचंच आधी सांगते, कारण तिथे संकोचाला जागाच नको. औषधाच्या दुकानात म्हणा, "किती द्यायचं ते मापाच्या झाकणावर पेनने रेघ मारून द्या." दुकानदार आनंदाने देतो. किती वेळा द्यायचं ते बाटलीवर उभ्या रेघा मारून घ्या. दोन बाटल्या असतील तर एकीला लाल दोरा बांधा. आणि निघण्याआधी तुम्ही काय समजलात ते त्याला तोंडाने परत सांगा.

शाळेत काय बोलायचं? फार नाही. वर्षाच्या सुरुवातीला, सगळे पालक असताना नव्हे, वेगळी वेळ मागून शिक्षकांना भेटा आणि म्हणा, "मला वाचायला-लिहायला लहानपणापासून त्रास होतो. डायरीत लिहिलेलं माझ्याकडून राहून जाऊ शकतं. महत्त्वाचं असेल ते मला फोनवर आवाजात पाठवाल का?" एवढी तीन वाक्यं आरशासमोर म्हणून पाहा, जड जातात. पण मी ज्यांच्याकडून ती म्हणवून घेतली, त्यांच्यातल्या बहुतेकांना शिक्षकांनी लगेच होकार दिला. एक आवाजी निरोप पाठवायला शिक्षिकेला डायरी लिहिण्याहून कमी वेळ लागतो. सगळेच शिक्षक समजूतदार असतात असं मी म्हणणार नाही. एखाद्याने भुवई उंचावली तर मुख्याध्यापकांना भेटा. तुम्ही काही मेहरबानी मागत नाही आहात.

फोनचा उपयोग करून घ्या. छापील कागदावर कॅमेरा धरला की मजकूर वाचून दाखवणारी सोय आता साध्या स्मार्टफोनमध्येही असते, आणि आपण मराठीत बोललेलं टाइपही होतं. शिक्षकांच्या हस्ताक्षरापुढे मात्र फोन गडबडतो, हे लक्षात असू द्या. बालभारतीच्या पुस्तकांवर जे चौकोनी कोड छापलेले असतात, ते फोनने उघडले की 'दीक्षा' या शैक्षणिक ॲपवर त्या धड्यांचे व्हिडिओ मिळतात. मुलाबरोबर बसून तेच बघा. तुम्हालाही धडा कळतो आणि त्याला तुमची सोबत मिळते.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण ती माझ्या अंगावरून गेलीय. अशा घरातलं मूल फार लवकर घराचा कारकून होतं. सहावीपासून आमच्या घरचं विजेचं बिल, पतसंस्थेची पत्रं, मामाचं पोस्टकार्ड, सगळं मीच वाचायचे. मला मोठेपणा वाटायचा. तेराव्या वर्षी आईचा एका तपासणीचा अहवाल आला आणि बाबांनी सवयीने तो माझ्या हातात दिला. इंग्रजी मला जेमतेम येत होतं, पण त्यातला एक शब्द कळण्याइतकं येत होतं. आईच्या आधी, बाबांच्या आधी तो शब्द मला कळला. तो मी दोन दिवस कुणाला सांगितला नाही. बाबांचा यात दोष नव्हता, त्यांना दुसरं माणूसच नव्हतं. तुम्ही मात्र दुसरं माणूस आधीच शोधून ठेवा. भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, अंगणवाडीताई, कामावरचा मित्र, ज्याच्यावर विश्वास आहे असं एक मोठं माणूस. पैशांचे, आजारपणाचे, कोर्टकचेरीचे कागद त्याच्याकडून वाचून घ्या. मुलाने तुम्हाला गोष्ट वाचून दाखवावी, बसची पाटी वाचावी, जरूर वाचावी. घराचा भार मात्र त्याच्या डोळ्यांवर नको.

आणि गोष्ट फक्त वाचूनच सांगता येते असं कुणी सांगितलं? पुस्तक मांडीवर घ्या, चित्रं बघत तुमच्या मनाने गोष्ट रचा. गावाकडचं सांगा, कामावरचं सांगा. शब्दसंपत्ती ऐकण्यातून वाढते, आणि पुढे वाचताना मुलाला तीच उपयोगी पडते. ओव्या, उखाणे, कोडी तोंडपाठ असलेल्या कितीतरी आज्या एक अक्षर न वाचता नातवंडांना भाषा देऊन गेल्या.

कुणी समजूत घालायला आइनस्टाइनचं नाव घेईल, की त्यालाही हेच होतं. त्याला तसा भक्कम पुरावा नाही, आणि त्या आधाराची गरजही नाही. तुमच्या मुलाला शास्त्रज्ञ वडील नकोत, आपल्याशी खरं बोलणारे वडील हवेत.

आता दोन शब्द घरातल्या इतरांशी. सासूबाई, नणंद, दीर, आणि हो, नवरा किंवा बायको. मदत करताना तुम्ही कळत-नकळत त्या माणसाचं पालकपण काढून घेता. "तिला काय विचारतोस, मला विचार." "बाबांना दाखवू नकोस, चुकीचं सांगतील." ही वाक्यं मुलासमोर एकदा बोलली गेली की मूल ती उचलतं, आणि वर्षभरात तेही तसंच बोलू लागतं. कागद तुम्ही वाचा, पण निर्णय त्या आईला घेऊ द्या. सहलीला पाठवायचं की नाही हे तिला विचारा, मग सही करायला बोट ठेवून जागा दाखवा. सही तिचीच असू द्या, वाकडी का असेना.

हे ज्या आईवडिलांच्या बाबतीत सर्वांत जास्त घडतं, त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. बौद्धिक अक्षमता वेगळी आणि वाचनाची अक्षमता वेगळी, पण आपल्याकडे दोन्हींची सरमिसळ करून दोघांनाही एकाच तुच्छतेने वागवतात. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली स्त्री आई होऊ शकते ही कल्पनाच समाजाला सहन होत नाही. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या अशा मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद पेटला होता. त्यानंतर 15 वर्षांनी, 2009 मध्ये, चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातल्या एका तरुणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिच्यावर अत्याचार झाला होता, ती गरोदर होती, आणि उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी दिली होती. तिला स्वतःला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. तो निकाल मी वर्गात नव्या शिक्षिकांना नेहमी सांगते.

अशा आईला मूल वाढवता येतं का, याचं उत्तर कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन यांनी अनेक वर्षं घराघरांत जाऊन शोधलं. दूध कसं तयार करायचं, बाळाला न्हाऊ कसं घालायचं, रॅश आली तर काय करायचं, हे त्यांनी लहान लहान पायऱ्यांत, चित्रांच्या पुस्तिकांतून, त्या आयांच्याच घरात करून दाखवून शिकवलं. आया शिकल्या आणि शिकलेलं टिकलंही. यात फार खर्च नाही. आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातातच. तोंडी सूचना देऊन निघण्याऐवजी एकदा करून दाखवलं, तिच्याकडून करवून घेतलं, भिंतीवर चार चित्रं चिकटवली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं, तर तेच काम होतं. आईच्या हातून बाळ काढून आजीकडे देणं सोपं असतं. पण बाळाला आई हवी असते, आणि तिला बाळ.

शेवटी पुन्हा त्या दाराशी थांबलेल्या माणसाकडे येते. गेल्या वर्षी असेच एक वडील होते, रिक्षा चालवणारे. मुलगा चौथीत, तपासणीत वाचनाची अक्षमता निघालेली. मी त्यांना एकच काम दिलं, की घरी जाऊन मुलाला स्वतःबद्दल सांगा. पंधरा दिवस ते आले नाहीत. मग एका दुपारी आले, स्टँडवर रिक्षा लावून, खाकी सदऱ्यातच. म्हणाले, रात्री जेवण झाल्यावर पोराला गच्चीवर नेलं आणि सांगितलं, मला पण तुझ्यासारखंच होतं, अजून आहे. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "मराठीत किती पडायचे तुम्हाला?"

"खरं सांगितलं मॅडम. सोळा."

"मग?"

"म्हणाला, मला या वेळी एकोणीस पडलेत. आणि दप्तरातून पेपर काढून आणला. मला कधी दाखवलाच नव्हता त्याने."